एलिस बेट, ऑर्चर्ड स्ट्रीट आणि आपण

भाचीचे लग्न, नातवाचा बार मित्स्वा, मुलीचे बाळंतपण, अशा काही ना काही निमित्ताने लोडची, अश्दोदची, ठाण्याची आपली माणसे हल्ली न्यू यॉर्कला जातात. कार्य आटोपले की मुलांना काय दाखवायचे हा प्रश्न येतो, आणि यजमान हमखास म्हणतात, "एलिस आयलंड दाखवू. सगळे ज्यू तिथूनच आले." गेल्या उन्हाळ्यात आम्हीही असेच गेलो. न्यू जर्सीची धाकटी बहीण, मेहुणे आणि त्यांची दोन मुले. इस्राएलहून आम्ही दोघे, आमची दोन मुले आणि आई. ठाण्याहून आत्या आणि आतेभाऊ. एकूण अकरा माणसे आणि दोन गाड्या. बहिणीची मुले इंग्रजी बोलतात, आमची हिब्रू. आईचे सारे जग मराठीत, आणि हिब्रू बाजाररहाटीपुरते. स्थलांतरितांची दोन संग्रहालये आम्ही एका आठवड्यात पाहिली. त्यांबद्दल येथे लिहीत आहोत, कारण तुम्हीही मुलांना घेऊन जाल आणि तिथली गाइड-पुस्तके आपल्यासाठी लिहिलेली नाहीत.

एलिस बेटावर जायची बोट न्यू जर्सीच्या बाजूने, लिबर्टी स्टेट पार्कच्या धक्क्यावरूनही सुटते. १ जानेवारी १८९२ रोजी हे ठाणे उघडले आणि नोव्हेंबर १९५४ मध्ये बंद झाले. मधल्या काळात सुमारे सव्वा कोटी माणसे येथून आत गेली. १९९० मध्ये त्या इमारतीचे संग्रहालय झाले. वरच्या मजल्यावरची नोंदणीची मोठी खोली पाहून मन खरोखर भरून येते. उंच कमानदार छत, खिडक्यांतून येणारा उजेड, आणि मोकळी फरशी. तिथे माणसांच्या रांगा कशा उभ्या असतील ते कोणी सांगावे लागत नाही.

मुलांना आवडला तो खडू. जिन्यावरून चढून येणाऱ्यांकडे डॉक्टर नुसते पाहत असत आणि संशय आला की अंगरख्यावर खडूने एक अक्षर काढीत. डोळ्यांसाठी ई, हृदयासाठी एच, लंगडणाऱ्यासाठी एल. डोळ्याची पापणी बुटाचे बटण लावायच्या आकड्याने उलटून पाहत. हे ऐकल्यावर चारही मुलांनी एकमेकांच्या पाठीवर बोटांनी अक्षरे काढायला सुरुवात केली. आईचे गुडघे दुखतात, म्हणून धाकट्याने तिच्या पाठीवर एल काढले. आईने मागे वळून विचारले, "म्हणजे मला परत पाठवले असते?" भाच्याने हिशेब सांगितला, शंभरात दोनच जण परत पाठवले जात. आई म्हणाली, "त्या दोघांत मी असते की नाही ते तुझ्या हिशेबाला काय ठाऊक?"

इथवर सर्व चांगले होते. मग मुले प्रवाशांच्या नोंदी शोधायच्या संगणकांकडे धावली. भाचीने आमच्या आजोबांचे नाव टाकले, सॅम्युएल. हजारो निघाले, कोणी रशियाचे, कोणी रुमानियाचे, कोणी हंगेरीचे. मग तिने आमचे गावाचे आडनाव टाकले, शेवटी 'कर' असलेले. एकही नाही. तिने अक्षरे बदलून तीन वेळा टाकले. "मग आपण कुठून आलो?" असे तिने आपल्या आईला विचारले. बहीण म्हणाली, "विमानाने." ती वेळ मारून नेली, पण भाचीचा प्रश्न रास्त होता, आणि आमचे या संग्रहालयाशी भांडण आहे ते इथेच.

एखादा बेने इस्राएल माणूस १९२० साली अलिबागहून निघून कामधंद्यासाठी कायमचा राहायला म्हणून या बेटावर उतरला असता, तर त्याचे काय झाले असते? फेब्रुवारी १९१७ मध्ये अमेरिकेने एक कायदा केला. त्यात आलेल्या माणसाला कोणत्या तरी भाषेत वाचता आले पाहिजे अशी अट घातली, आणि त्या भाषांत हिब्रू व यिद्दिश यांची नावे मुद्दाम घातली, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची अडचण होऊ नये. त्याच कायद्यात आशियाच्या नकाशावर एक पट्टा आखून त्यातल्या लोकांना प्रवेश बंद केला. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. विद्यार्थी, व्यापारी, प्रवासी अशा काहींना सूट होती, मजुराला आणि कारागिराला नव्हती. तेव्हा आमचा अलिबागचा माणूस हिब्रूत सिद्दूर वाचून परीक्षा उतरला असता, आणि नकाशापाशी अडकला असता. एकाच कागदाने ज्यूसाठी दार किलकिले ठेवले आणि कोकणातल्या ज्यूसाठी लावून घेतले.

पुढे १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असे ठरवले. १९४६ मध्ये दार उघडले ते वर्षाला शंभर माणसांपुरते. खरे उघडले १९६५ मध्ये. या दोन्ही कायद्यांवर एक नाव आहे, इमॅन्युएल सेलर, ब्रुकलिनमधून निवडून येणारे ज्यू प्रतिनिधी. १९६५ च्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर रोजी सही केली, ती स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी. म्हणजे बहीण-मेहुण्यांसारख्यांसाठी ज्या जागी दार उघडले, त्या पुतळ्यावरून आमची बोट सकाळीच गेली होती आणि आम्ही सर्वांनी त्याचे फोटो काढले होते. हे आम्हाला घरी परतल्यावर रात्री वाचताना कळले.

संग्रहालयाने हे लपवले आहे असे आम्ही म्हणत नाही. बंद दारांची माहिती तिथे आहे, आणि १९५४ नंतर आलेल्यांसाठी २०१५ पासून वेगळी दालनेही आहेत. पण ती वाचायची गोष्ट आहे, आणि खडू, जिना, मोठी खोली ही अंगावर येणारी गोष्ट आहे. नऊ वर्षांचे मूल वाचत नाही. ज्यांना बोटीवर चढूच दिले नाही त्यांच्यासाठी या इमारतीत एकही जिना नाही. बाहेरच्या सन्मान-भिंतीवर लाखो नावे आहेत, पैसे भरून कोणाचेही नाव कोरून घेता येते. मेहुण्यांनी आईला विचारले, "तुमच्या यजमानांचे घालू या का?" आई म्हणाली, "ते या देशात कधी आले नाहीत. आणि मशिदीतल्या पंख्यावर देणाऱ्याचे नाव असते तसेच ना हे?" विषय संपला.

एक दालन मात्र आईने सोडले नाही. येणाऱ्यांनी घरून आणलेल्या वस्तू तिथे मांडल्या आहेत, त्यांच्या मुलानातवंडांनी दिलेल्या. कपडे, भांडी, प्रार्थनेची पुस्तके, फोटो. ती एका काचेपुढे इतका वेळ उभी राहिली की आत्याने खुर्ची शोधून आणली. मग तिने बहिणीला विचारले, "तुझ्याकडे दिलेले मलिद्याचे पितळी ताट कुठे आहे?" बहिणीने सांगितले की घर बदलताना गेले. आईने पुढे विचारले नाही.

ऑर्चर्ड स्ट्रीटला आम्ही दोन दिवसांनी गेलो. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातली ९७ नंबरची ही इमारत १८६३ मध्ये एका जर्मन शिंप्याने बांधली. १९३५ मध्ये मालकाने भाडेकरू काढून वरचे मजले बंद केले. तोवर वीसपेक्षा जास्त देशांतली सुमारे सात हजार माणसे तिथे राहून गेली होती. १९८८ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली. इथे मनाला येईल तसे हिंडता येत नाही. एकेका कुटुंबाच्या खोल्यांची ठरावीक वेळेची फेरी असते, बरोबर वाटाड्या असतो. मुलांसाठी वयाची अट असते, ती आधी विचारावी. ऑगस्टमध्ये आत उकडते.

'टेनेमेंट' म्हणजे काय हे मेहुणे आईला समजावून सांगत होते, तोवर आम्ही आत शिरलो. अरुंद काळोखा बोळ, लाकडी जिना, दोन्ही बाजूंना दारे. आई म्हणाली, "ही तर चाळ!" त्यानंतर तिला काही समजावून सांगावे लागले नाही. वाटाड्याने सांगितले की तीन खोल्या मिळून सव्वातीनशे चौरस फूट, सुरुवातीला संडास मागच्या अंगणात, १९०१ च्या कायद्यानंतर ते मजल्यावर आले. गटातल्या अमेरिकन मंडळींनी चुकचुक केली. उमरखाडीच्या चाळीत वाढलेल्या आईने बोटे मोडून हिशेब केला. "तीन खोल्या? आम्ही एका खोलीत नऊ जण होतो. आणि इथे खिडकीही आहे." आत्या हसायला लागली. ही चुकचुक आम्हाला पुढेही अनेकदा ऐकू आली. वाटाड्याच्या बोलण्यातला सूर असा असतो की गर्दी म्हणजे दु:ख. चाळीत राहिलेल्याला ठाऊक असते की गर्दीत दु:ख असते आणि सोबतही असते, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकाच दारातून येतात.

रोगार्शेव्स्की कुटुंबाची खोली त्या मानाने उजवी वाटली. लिथुआनियातून आलेले हे कुटुंब. बाप कपड्यांना इस्त्री करण्याच्या कामावर, १९१८ मध्ये क्षयाने गेला, आणि विधवेने त्याच इमारतीची झाडलोट पत्करून घर राखले. इथे कोणी नाटक करत नाही. खोली तेवढी दाखवतात, आणि ती पुरते.

मुलांसाठी आम्ही घेतली होती ती व्हिक्टोरिया कॉन्फिनोची फेरी. कॉन्फिनो हे कास्तोरियाचे सफार्दी ज्यू. तो गाव तेव्हा तुर्की सुलतानाच्या राज्यात होता, आता ग्रीसमध्ये आहे. १९१३ च्या सुमारास ते न्यू यॉर्कला आले. एक तरुण नटी १९१६ सालची चौदाएक वर्षांची व्हिक्टोरिया होऊन स्वयंपाकघरात उभी असते, आणि पाहुणे म्हणजे नुकतेच बोटीतून उतरलेले कुटुंब, असा खेळ. भांडी हातात घेता येतात. काहीही विचारता येते. आमच्या धाकट्याने, इतक्या जणांना झोपायला जागा कुठे, हे विचारले. भाचीने शाळेचे विचारले. नटी हुशार होती, प्रत्येक मुलाला डोळ्यांत पाहून उत्तर देत होती. एलिस बेटावर दिवसभरात मुलांनी जेवढे विचारले नसेल तेवढे इथे पाव तासात विचारले.

मग आईने मराठीत विचारले, "शेजारणी तुला ज्यू मानतात का?"

खोलीत क्षणभर कोणाला कळेना की हे कोणत्या भाषेत आले. सोळा वर्षांच्या भाच्याने, जो घरी मराठीला इंग्रजीत उत्तर देतो, तो प्रश्न इंग्रजीत केला. व्हिक्टोरियाने हात कमरेवर ठेवून सांगितले की शेजारच्या बायकांना तिची भाषा कळत नाही, त्या यिद्दिश बोलतात, आणि यिद्दिश येत नाही तर ज्यू कशी, असे त्यांना वाटते. ती हसली, गटही हसला, आणि ती ग्रामोफोनकडे वळली.

हसण्यासारखे त्यात थोडे होते. लादिनो, म्हणजे स्पेनमधून हाकलल्यावर सोबत नेलेली जुनी स्पॅनिश, बोलणाऱ्या या ज्यूंना लोअर ईस्ट साइडच्या यिद्दिश बोलणाऱ्यांनी कित्येकदा ज्यू म्हणून ओळखलेच नाही. खोली भाड्याने मागायला गेले तर तेफिल्लीन दाखवून, प्रार्थना म्हणून खात्री पटवावी लागे. बल्गेरियातून आलेल्या मोईज गडोल यांनी १९१० मध्ये न्यू यॉर्कमध्ये 'ला आमेरिका' हे लादिनो साप्ताहिक काढले, ते या अशा लोकांचे गाऱ्हाणे मांडायला आणि त्यांना वाट दाखवायला. आपल्यासारख्या मासिकाच्या वाचकांना याची गरज सांगायला नको. आणि ज्यांची कविता स्वातंत्र्यदेवीच्या पायथ्याशी लावली आहे त्या एमा लझारस यांच्या घराण्यातही सफार्दी रक्त होते, हे जाता जाता लिहून ठेवतो.

नटीला दोष नाही. फेरीची वेळ ठरलेली, पुढचा गट दारात. पण लेखनाला दोष आहे. ज्या एका वाक्यासाठी या मुलीची खोली बाकी खोल्यांपेक्षा वेगळी आहे, ते वाक्य विनोदासारखे उच्चारून पुढे जातात. लादिनोचे जेमतेम चार शब्द कानावर पडले. भाषा हेच जिच्यावरच्या संशयाचे कारण, तिच्या खोलीत ती भाषाच ऐकू येऊ नये?

बाहेर आल्यावर आई समोरच्या पायरीवर बसली. मुलांनी आइस्क्रीम आणले. ती न विचारता बोलू लागली, बहिणीने इंग्रजीत आणि आम्ही हिब्रूत सांगत गेलो.

१९५९ मध्ये ती आईबापांबरोबर इस्राएलला आली. १९६३ मध्ये लग्न ठरले. वाचकांतल्या वडीलधाऱ्यांना ते साल सांगायला नको. बेने इस्राएलांची लग्ने लावताना आईची, आजीची, त्यामागचीही चौकशी करावी असा फतवा १९६२ मध्ये निघालेला होता. आई आपल्या वडिलांबरोबर एका गावच्या कचेरीत गेली. समोरच्या माणसाने विचारले, तुझ्या आजीची आई कोण? आईला आजीचे नाव ठाऊक होते, नवगावच्या बाजूचे गाव ठाऊक होते, पुढचे ठाऊक नव्हते. तिच्या वडिलांनी खिशातून हिंदुस्थानातला केतुबा काढून ठेवला. तो त्याने वाचला नाही. घरी येईपर्यंत वडील बसमध्ये एक शब्द बोलले नाहीत. लग्न दुसऱ्या गावी, दुसऱ्या रब्बीने लावले, पाच महिन्यांनी. वडील पुढच्या वर्षी जेरुसलेमला धरणे धरणाऱ्यांत जाऊन बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेथने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्या फतव्यातून आपले नाव वगळले गेले.

हे सर्व आम्ही समाजाच्या सभांत शंभरदा ऐकले आहे. कचेरी, केतुबा, बसमधले वडील हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले, आणि आम्ही पन्नाशीचे आहोत. आत्याला, आईच्या सख्ख्या नणंदेला, लग्न पाच महिने लांबल्याचे ठाऊक होते, कारण ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "आम्हाला ठाण्यात कोणी विचारले नाही बाई. शनवार तेली म्हणायचे आणि गप्प बसायचे." भाच्याने विचारले, "आजी, तू हे आधी का नाही सांगितलेस?" हे त्याने मराठीत विचारले. आई म्हणाली, "तुमच्यापैकी कोणी विचारले?"

म्हणून, तक्रारी करूनही, आमचे मत ऑर्चर्ड स्ट्रीटच्या बाजूने पडते. एलिस बेट दाखवते. ऑर्चर्ड स्ट्रीटवर उलट प्रश्न विचारता येतो, आणि विचारलेला प्रश्न विचारणाऱ्याकडे परत येतो.

शेजारच्या १०३ नंबरच्या इमारतीत २०१७ पासून नंतरच्या काळातली कुटुंबे दाखवतात: छळछावण्यांतून वाचलेले एपस्टाइन, पोर्तो रिकोहून आलेले, आणि चिनी वाँग कुटुंब, ज्यातली आई कपड्यांच्या कारखान्यात राबली. २०२३ अखेर एका कृष्णवर्णी कुटुंबाचीही खोली मांडली. म्हणजे आपल्या हकिकतीत कोण राहून गेले हे शोधण्याची या संग्रहालयाला सवय आहे. वाँगबाईंच्या खोलीत बहीण बराच वेळ शिवणयंत्रापाशी होती. साठ सालानंतर आशियातून आलेल्या बायकांचे ते घर तिला तिच्या पहिल्या भाड्याच्या खोलीसारखे वाटले.

परतताना गाडीत वाद झाला. बहीण म्हणाली, संग्रहालयाला पत्र लिहू, आमचीही खोली करा. मेहुणे म्हणाले, ते पत्त्याचे संग्रहालय आहे. त्या पत्त्यावर जे राहिले मुख्यतः त्यांचीच गोष्ट ते सांगणार, आणि आपण क्वीन्समध्ये आणि जर्सीत राहिलो. या वादात आम्ही मेहुण्यांच्या बाजूने. कोचीनकरांनी नेवातीममध्ये आपले संग्रहालय उभारले, त्यांच्या एका बेथ कनेसेथचे आतले लाकूडकाम जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे. आपल्यापैकी सियोना बेंजामिन यांनी आपल्या माणसांचे चेहरे रंगवले आणि २०१३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडले. चेहरे झाले. आपले स्वयंपाकघर मात्र कुठेच मांडलेले आम्ही पाहिलेले नाही: चीकचा हलवा थापायचे ताट, एलियाहू हन्नाबीची तसबीर, मागे कॅलेंडर, आणि दाराला मेझुझा. बहीण म्हणाली, "माझ्याकडचे ताटही गेले." गाडीत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

त्या रात्री भाच्याने फोन टेबलावर उभा करून आईचे बोलणे उतरवून घेतले. चाळीस मिनिटे झाली. कचेरीतल्या माणसाचे नाव तिला आठवत होते, पण तिने घेतले नाही. आजीच्या आईचे नाव मात्र तिला आता ठाऊक आहे. १९७० नंतर कधीतरी पेणला एका म्हाताऱ्या नातेवाइकाकडून विचारून घेतले होते. ते तिने दोनदा, सावकाश, फोनकडे तोंड करून सांगितले.

जाणाऱ्यांसाठी एवढेच: एलिस बेटाला पूर्ण दिवस द्या, बोटीची रांग उन्हात असते. ऑर्चर्ड स्ट्रीटची वेळ आधी ठरवा. आणि बरोबर म्हातारे माणूस असेल, तर भाषांतर करायला एक मूल त्याच्या शेजारी मोकळे ठेवा.